पडद्याआडचं माप

माझ्या दुकानात येणारी बाई पहिल्यांदा कधीच खरं सांगत नाही. ती आधी टिकल्यांचं पाकीट मागते. मग केसांच्या पिना बघते, बांगड्यांवरून हात फिरवते, रस्त्यावर कोणी ओळखीचं नाही ना याचा अंदाज घेते, आणि पर्सची चेन लावता लावता, जणू आत्ताच आठवल्यासारखं म्हणते, "ताई, ते... आतलं द्या ना एखादं." टिकल्या काढून देतानाच मी ओळखलेलं असतं. पण ओळखल्याचं दाखवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

जळगाव जामोदला एसटी स्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं जनरल स्टोअर आहे. सासऱ्यांनी बांगड्यांसाठी काढलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा "आतलं" सगळ्यात वरच्या फळीवर असायचं, पावडरच्या डब्यांच्या मागे, धूळ खात. आमच्याकडे ब्राला बॉडी म्हणतात, मीही इथे तसंच म्हणणार आहे. बाई कुजबुजायची, आमचे हे वर पंख्याकडे बघून विचारायचे, "नंबर?" ती म्हणायची चौतीस, कारण तिची बहीण चौतीस घ्यायची. हे शिडीवर चढून एक खोका काढायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि काळ्या पिशवीत घालून द्यायचे. काळ्या पिशवीतून गावात दोनच गोष्टी घरी जायच्या, दारूची बाटली आणि बॉडी. उघडून बघणं नाही, घालून बघणं तर नाहीच. मापाची नाही निघाली तर बाई ती तशीच वापरायची. बदलून घ्यायला परत कोण येणार?

एकदा एक बाळंतीण आली आणि अंगावर पाजायला सोयीची बॉडी आहे का म्हणून विचारायला लागली. आमचे हे कानापर्यंत लाल झाले. घरात येऊन म्हणाले, "शोभा, तू बस बाप्पा दुकानात. हे खातं मले नाही झेपत." त्या दिवशी मी गल्ल्यामागे बसले ती आजपर्यंत उठलेली नाही.

बसले, पण येत काही नव्हतं. शिकवलं ते अकोल्याच्या एका वयस्कर बाईंनी. आम्ही माल आणतो त्या होलसेलवाल्यांकडे त्या कामाला होत्या. एकदा मी छत्तीसचे खोके मोजून घेत होते. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कोणती घालता?"

"छत्तीसच की."

"मग सारखी मागून खाली का ओढता?"

मला ती सवय आहे हे मलाच माहीत नव्हतं. त्यांनी मला खोक्यांच्या ढिगाऱ्यामागे नेलं, गळ्यातला टेप काढला आणि दोन मापं घेतली. म्हणाल्या, "तुम्ही छत्तीस नाहीच. तुम्ही बत्तीस डी." डी ऐकून मी ओशाळले. मला वाटायचं डी म्हणजे सिनेमातल्या बायकांचं माप. त्यांनी तिथल्या तिथे एक घालायला लावली. मी सरळ उभी राहिले आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला माझे खांदे हलके वाटले. परतीच्या एसटीत मी सारखी ताठ बसत होते. बाजूची बाई वैतागून म्हणाली, "जरा सरका ना."

तर हे माप काय असतं ते सांगते, कारण शिकल्या-सवरलेल्या घरांतही ते कोणी सांगत नाही. आकडा हा छातीचा नसतो, छातीच्या खालच्या घेराचा असतो, जिथे बरगड्या हाताला लागतात तिथला. तिथे टेप जरा घट्ट धरायचा. मग छातीचा सगळ्यात भरलेला घेर घ्यायचा, तिथे टेप सैल. दोन्हींतला फरक म्हणजे अक्षर. एक इंच फरक असला तर ए, दोन इंच बी, तीन सी, चार डी, असं पुढे. म्हणजे नुसतं "डी" म्हणण्याला काही अर्थ नाही. बत्तीसचा डी वेगळा, अडतीसचा डी वेगळा. आणि भार तोलायचा तो पाठीवरून जाणाऱ्या पट्टीने, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही. पट्टी मागे वर सरकत असेल तर आकडा मोठा आहे. वरून किंवा काखेतून अंग बाहेर येत असेल तर अक्षर लहान आहे. नवी बॉडी शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे, कारण वापरून इलॅस्टिक ढिलं पडतं, मग आतले हुक कामाला येतात. घातल्यावर जरा पुढे वाकून हाताने दोन्हीकडून अंग नीट आत बसवायचं. झालं. एवढंच शास्त्र आहे. पण हे एवढंच माहीत नसल्यामुळे बायका आयुष्यभर खांद्यावर खाचा घेऊन फिरतात आणि त्याला बाईचं अंग म्हणतात.

माप घ्यायचं तर जागा हवी. मागच्या गोदामाचा कोपरा मी रिकामा करून घेतला, जाड पडदा लावला, आरसा आणि बल्ब बसवला. गल्लीत कुजबुज सुरू झाली. समोरच चपलांचं दुकान आहे. तिथले भाऊ एकदा रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "वहिनी, आपल्या गावात हे शोभते का?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्याकडची चप्पल पायात न घालता कोणी नेली आहे का आजवर?"

"थे वेगळं हाये."

"चप्पल चावली तर माणूस काढून हातात तरी घेते. आमच्या मालाचं तसंही करता येत नाही."

ते हसले. नंतर आठवड्याभरात त्यांची बायको आली. टिकल्या मागितल्या.

एक शेतकरी गडी आला होता, तो कधी विसरायची नाही. बायकोसाठी घ्यायचं म्हणाला. नंबर विचारला तर हाताचे पंजे हवेत धरून दाखवायला लागला. दुकानातल्या दोन पोरी तोंडावर ओढणी घेऊन पळाल्या. मी म्हटलं, "दादा, तिलाच घेऊन या." तर म्हणे ती येत नाही, लाजते. मग मी त्याला कुठे कुठे मोजायचं ते माझ्याच ड्रेसवर बोट ठेवून सांगितलं. पुढच्या बाजाराला तो परत आला. खिशातून सुतळीची एक गुंडी काढली, दोन गाठी मारलेली. "ही खालची, ही वरची," म्हणाला. टेप नव्हता घरात. सुतळी टेपवर धरली, बॉडी दिली, आणि ती अगदी चपखल बसली म्हणून दोघं नवराबायको सीताफळं घेऊन आले. ती खरंच लाजत होती. पण माझ्याशी नाही, त्याच्याशी.

सगळंच असं गोड नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एक पोरगी आली होती. अंगाने अगदी बारीक, बरगड्यांचा घेर अठ्ठावीस. एवढं लहान माप कंपन्या बनवतात म्हणतात, पण आमच्यापर्यंत पोचत नाही. मी मागवून ठेवते म्हटलं. मागवलीही. ती परत आली नाही. तो खोका अजून आहे. आणि दुसरं म्हणजे "स्किन कलर" नावाचा जो रंग कंपन्या पाठवतात, ती कातडी आमच्या तालुक्यात मी कोणाची बघितलेली नाही. सेल्समनला मी दर वेळी म्हणते, गव्हाळ पाठवा, चॉकलेटी पाठवा. तो हसतो. आता कुठे थोडं यायला लागलं आहे.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट सोनाळ्याच्या वैष्णवीची, आणि तिच्या काकूची.

उन्हाळ्याच्या तोंडावर दोघी सोनाळ्याच्या गाडीने आल्या. वैष्णवी विशीतली, उंच, उन्हाने रापलेली. काकूंना मी ओळखत होते. कुसुमबाई त्यांचं नाव. पूर्वी आमच्या बाजारात वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन बसायच्या. घरचाच भाजीपाला. मी त्यांचीच वांगी घ्यायचे. मध्ये दीड-दोन वर्षं दिसल्या नव्हत्या. म्हटलं, "काय कुसुमबाई, बाजार सोडला का?" तर म्हणाल्या, "वावरात काम लय पडते जी." दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून त्या पायरीवरच बसून राहिल्या.

वैष्णवीने टिकल्या मागितल्या नाहीत. ती सरळ म्हणाली, "ताई, मले धावाची बॉडी पायजे."

"कुठे धावतेस?"

"पोलीस भरतीले. माह्यं गोळाफेक चांगलं हाये, लेखीचीही तयारी हाये. आठशे मीटरमध्ये मार खातो मी. मांगच्या खेपेले तिथीच राह्यली."

पडद्याआड नेऊन बघितलं. पोरीने एकावर एक दोन बॉड्या घातल्या होत्या आणि वरून ओली ओढणी करकचून गुंडाळली होती. सोडली तेव्हा बरगड्यांवर लाल वळ, काखेत घामोळ्या आणि सोललेलं.

"अगं, श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीस?"

ती आरशाकडे पाठ करून म्हणाली, "नाही बांधलं तर पोरं हासतेत ताई. सकाळी मैदानावर. मी धावाले लागली की मोबाईल काढतेत. बांधलं की दुसऱ्या चक्करमध्ये दम कोंडते. काय करू मंग?"

तिच्या अंगातल्या बॉडीवर अडतीस लिहिलेलं होतं. मी माप घेतलं. खालचा घेर चौतीस, वरचा एकोणचाळीस. पाच इंचांचा फरक.

"तुझं माप चौतीस डबल डी."

"नोको ताई. थे लय मोठं असते."

"मोठं नसतं, तुझं असतं. अडतीसमध्ये पाठीची पट्टी सैल राहते, ती धरतच नाही. म्हणून तू खांद्याचे पट्टे आवळतेस, दुसरी घालतेस, वरून ओढणी बांधतेस. पट्टीने करायचं काम तू ओढणीकडून करून घेतेस."

तिने ऑनलाइनही मागवून बघितली होती. लहान, मध्यम, मोठी एवढीच मापं त्यात. "मोठी" आली ती पाठीत सैल आणि पुढून नुसती छाती दाबणारी. अशा पोरीला दाबून चालत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या, आपापल्या कपात धरून ठेवाव्या लागतात, तर हलणं थांबतं आणि छाती फुगायला मोकळी राहते. तसली माझ्याकडे नव्हती. खामगावला फोन केला, नाही. अकोल्याला नाही. कंपनीचा सेल्समन म्हणाला, "ताई, हा साइज तुमच्या एरियात चालत नाही. पडून राहील."

मी म्हटलं, "माझ्या एरियात कोणती बाई राहते ते तुम्हाला जास्त माहीत की मला? एक पीस मागवा."

पीस यायला वेळ लागला. तोवर वैष्णवीचे फोन. भरतीची तारीख जवळ येत होती. घरी वडील म्हणाले होते, यंदा झालं तर झालं, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. ती रडत नव्हती, पण दर फोनला आवाज खाली जात होता. "आलं का ताई?" मग, "राहू द्या मंग, मी ओढणीच बांधतो."

"बांधशील तर दुकानात पाऊल ठेवू नकोस," मी म्हटलं.

पार्सल आलं त्या दिवशी ती पहिल्याच गाडीने आली, काकूही सोबत. काकू पुन्हा पायरीवर. आत मी शेवटच्या हुकावर बॉडी लावली, तिला वाकायला लावून अंग नीट बसवलं, आणि म्हटलं, "आता उड्या मार."

"अठी?"

"मैदानावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं."

पोरगी वजनदार आणि गोदामाची फरशी जुनी. तिने अशा उड्या मारल्या की फळीवरचे डबे वाजायला लागले. बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला, "शोभा! कायी पडलं का वं?" वैष्णवीला हसू आवरेना. मी पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. छाती जागच्या जागी होती. पण एक गडबड होती. तिचे खांदे उतरते, त्यामुळे उडी मारली की पट्टा घसरून दंडावर यायचा. पळताना हात पट्ट्याकडे गेला तर संपलंच. मी मशीन काढली, पाठीमागे दोन्ही पट्टे जवळ घेऊन मध्ये रुंद इलॅस्टिकचा तुकडा शिवला. दोनदा उसवून तिसऱ्यांदा नीट बसला. तेवढा वेळ पोरगी टॉवेल गुंडाळून माझ्या स्टुलावर बसून सामान्य ज्ञानाचे प्रश्न पाठ करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. नुसती धापा टाकत होती.

"काय झालं गं? उसवलं का?"

"नाही ताई," ती म्हणाली, "आज फक्त पायच दुखून राह्यले!"

एवढ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट ते.

बुलढाण्याला तिचं मैदान होतं त्या दिवशी माझं दुकानात लक्ष नव्हतं. दोन जणींना चुकीच्या रंगाच्या बांगड्या दिल्या. माझा शिवलेला तुकडा ऐन वेळी सुटला तर काय, हेच डोक्यात. दुपारी फोन आला तो कुसुमबाईंचा. त्या तिच्यासोबत गेल्या होत्या. "ताई, आपली पोरगी पुढे होती जी. शेवटच्या चक्करले अशी सुटली, अशी सुटली, म्या तं देवाचंही नाव घेतलं नाही, नुसती पाहतच राह्यली." मी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळे पुसले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं कोणी गेलं.

निकाल लागला, वैष्णवीचं नाव आलं, आणि सगळं घर पेढे घेऊन आलं. तिचे वडील दुकानात येऊन अवघडून उभे राहिले. कुठे बघावं ते कळेना, म्हणून काउंटरवरच्या रबरबँडच्या बरणीकडे बघत म्हणाले, "ताई, तुमी नेमकं काय केलं थे मले समजलं नाही. पण पोरगी म्हणते, तुमच्याशिवाय झालं नसतं."

मी म्हटलं, "दादा, जू नीट बसलं नाही तर बैलाला काय होते?"

"खांदा सुजते. मंग तो ओढत नाही."

"मग तुम्ही बैलाला मारता की जू बदलता?"

ते मान हलवून म्हणाले, "समजलं." आणि पहिल्यांदा वर बघून हसले.

सगळे स्टँडकडे निघाले. कुसुमबाई मात्र काहीतरी विसरल्याचं निमित्त करून माघारी आल्या. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. आमचे हे चहाला गेलेले. त्या पायरी चढून आत आल्या, गल्ल्याजवळ वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या,

"ताई, एका बाजूचं भेटते का?"

मला आधी कळलंच नाही. "एका बाजूचं म्हणजे?"

त्यांनीच पडदा सरकवला आणि आत गेल्या. मी मागून गेले. त्यांनी दोन्ही खांद्यांवरचा पदर काढला, ब्लाऊजचे हुक काढले. डावीकडे काही नव्हतं. नुसता आडवा व्रण. कॅन्सर झाला होता. अकोल्याला ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, केस गेले आणि परत आले. डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं होतं. घरच्यांनी सेवा केली, कोणी वाईट वागलं नव्हतं. पण त्यानंतर एक-दोनदाच बसून त्यांनी बाजार सोडला होता.

"वांगे तोलाले वाकलं की पदर सरकते," त्या म्हणाल्या. "समोरचा माणूस वांग्यायकडे पाहून नाही राहत मंग. कापूस भरून पाह्यला, थो गळ्यापर्यंत वर येते. एकडाव बाजारातच आला. तिथूनच उठली मी."

माझ्या हातात टेप होता. मी म्हटलं, "हात वर करा, माप घेऊ." माप घेताना त्यांचं अंग आधी आखडलं, मग हळूहळू सैल झालं. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरायच्या नंतर तुमीच पाह्यलं."

सिलिकॉनचे तयार पॅड मिळतात, मी नागपूरहून मागवून दिला. दिसायला उत्तम. पण वावरात, उन्हात घाम येऊन त्यांच्या व्रणावर पुरळ उठायला लागलं. तो लग्नकार्यासाठी ठेवला. रोजचं काही वेगळं पाहिजे होतं. तेव्हा मी त्यांना म्हटलं, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून या, काय चालेल आणि काय नाही. त्या नीट विचारून आल्या. तार नको, टोचणारी शिवण नको, व्रणाला लागेल ते कापड मऊ सुती, आणि वजन दुसऱ्या बाजूइतकंच, नाहीतर मान आणि पाठ एकीकडे ओढली जाते.

बॉडीला आतून मलमलचा खिसा शिवणं सोपं होतं. खिशात काय भरायचं हा प्रश्न. कापूस हलका. मी मलमलची पिशवी शिवून त्यात मोहरी भरली. वजन किती ठेवायचं याची चिंता कुसुमबाईंना नव्हती. त्यांनी पिशवी तळहातावर घेतली, वर-खाली केली आणि म्हणाल्या, "जराशी अजून टाका." पुन्हा तोलली. "हां. झालं." भाजीवालीचा हात तो.

मोहरी अंगाला गरम पडली आणि तेलकट वास यायला लागला. मग राळा भरला, बारीक पिवळं धान्य ते. छान बसला. दोन आठवड्यांनी कुसुमबाई आल्या त्या पडद्याआड न जाता गल्ल्यासमोरच खुर्चीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून थरथरायला लागल्या. मला वाटलं रडतायत. मी धावले. तर त्या हसत होत्या.

"काय झालं?"

"ताई, घामानं भिजला न... मोड आले जी त्याले!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरचे चपलावाले भाऊ दारात येऊन उभे राहिले. "काऊन एवढं हासून राह्यले?" त्यांना काय सांगणार? कुसुमबाईंनीच सांगितलं, "पेरणी चांगली झाली भाऊ यंदा."

शेवटी उपाय सापडला तो आमच्याच दुकानात, सासऱ्यांच्या धंद्यात. पोरींच्या माळांसाठी प्लॅस्टिकचे बारीक गोल मणी आम्ही बरणीत ठेवतो. गुळगुळीत, धुता येणारे, मोड न येणारे. मणी पिशवीत भरले, अंगाकडच्या बाजूला कापसाचा मऊ थर दिला आणि वरून मलमल. घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. वाकून खालचं काही उचलल्यासारखं केलं. परत उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "या रंगाचं अजून एक करा. धुवाले टाकलं तं दुसरं पायजे ना." रंग चॉकलेटी होता.

पुढच्या बाजाराला मी भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम लवकर गेले. लिंबाखालची कुसुमबाईंची जुनी जागा आता दुसऱ्या बाईने घेतली होती, म्हणून त्या कांदेवाल्यांच्या ओळीत बसल्या होत्या. समोर वांग्यांचा ढीग, मेथीच्या जुड्या. काटा हातात. पदर एका खांद्यावर, जसा बाजारात बसणाऱ्या बाईचा असतो तसा. एक माणूस वांग्यावर बोट दाबून बघत होता. त्याला त्या म्हणत होत्या, "दाबू नका भाऊ, घ्याचं असलं तं घ्या." मी वांगी घेतली आणि आम्ही दोघीही एकमेकींना ओळख न दाखवता नुसत्या वांग्यांबद्दल बोललो. नुसती भाजीवाली म्हणून बघितलं जाण्याचा तो मान त्यांना हवा होता. दिला.

आता माझ्या दुकानात मापं घ्यायला पोरी सरळ येतात. काही तर घरीच माप मोजून फोनवर अक्षरासकट सांगतात. वैष्णवी ट्रेनिंगला गेली आणि तिकडच्या दोघी-तिघींना घेऊन सुट्टीत माझ्याकडे आली. सेल्समन आता विचारतो, "ताई, मोठ्या कपचे किती पाठवू?" मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. आयुष्यभर मी जे विकलं ते कोणाला दाखवता येत नाही, कोणी त्याचं कौतुक चारचौघांत करत नाही. म्हणून म्हटलं, एकदा मीच लिहावं.

मागच्या महिन्यात दुपारी दुकान रिकामं असताना कुसुमबाई आल्या. मागे एक बाई, चाळिशीची, मेहकरकडची. दोघी दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. ती दारातच थांबली. माझ्याकडे बघेना, बोलेना. मी उठायला लागले तर कुसुमबाईंनी हातानेच मला बसा म्हटलं. त्या बाईचा हात धरून तिला आत नेलं आणि पडदा ओढून घेतला.

मी गल्ल्यावर बसून राहिले. आधी नुसती हुकांची चाहूल. मग कुसुमबाईंचा आवाज ऐकू आला, "हे पाय. माह्यंही असंच हाये." ती दुसरी बाई काहीतरी पुटपुटली आणि दोघी बारीकसं हसल्या.

पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला.

"शोभाताई," कुसुमबाई म्हणाल्या, "टेप द्या इकडे. हिचं माप मी घेते."

मी गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात दिला.